जेवणाच्या टेबलावर कापलेली गुणसूत्रं

ब्लड कॅन्सरच्या रुग्णाची फाइल हां हां म्हणता जाड होते. तिच्यातल्या एखाद्या कागदावर, पांढऱ्या पेशी किती आणि प्लेटलेट किती या आकड्यांच्या खाली, कधी कधी एक विचित्र ओळ असते: टी(९;२२)(क्यू३४;क्यू११). फाइल घेऊन रांगेत बसलेला मुलगा किंवा भाऊ ती ओळ बघतो आणि पान उलटतो. डॉक्टर मात्र आधी तीच ओळ शोधतात.

ओळ दिसते तेवढी अवघड नाही. टी म्हणजे ट्रान्सलोकेशन, तुकड्यांची अदलाबदल. ९ आणि २२ हे गुणसूत्रांचे नंबर. गुणसूत्राला मध्ये कुठेतरी एक कंबर असते, तिच्या एका बाजूला आखूड बाहू आणि दुसऱ्या बाजूला लांब. आखूड बाहूला पी म्हणतात, कारण फ्रेंचमध्ये लहान या अर्थाचा शब्द पी अक्षराने सुरू होतो. लांब बाहूला क्यू म्हणतात, कारण पीच्या पुढचं अक्षर क्यू. त्यामागे याहून खोल काही नाही. ३४ म्हणजे चौतीस नव्हे. बाहूवरच्या तिसऱ्या भागातला चौथा पट्टा. थोडक्यात, नवव्या गुणसूत्राच्या लांब बाहूचं टोक एका ठरलेल्या जागी तुटलं, बाविसाव्याचं दुसऱ्या ठरलेल्या जागी तुटलं, आणि दोघांनी आपापले तुकडे बदलून घेतले.

ही अदलाबदल जगात पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आली त्या जॅनेट रॉली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. चार मुलगे, बरीच वर्षं अर्धवेळ नोकरी, आणि संशोधनाचं बरंचसं काम घरी, जेवणाच्या टेबलावर.

टेबलाची गोष्ट अमेरिकेत इतक्या कौतुकाने सांगितली जाते की तिच्यातली कडू बाजू झाकली जाते, म्हणून ती आधी सांगतो. रॉलीबाईंचा जन्म १९२५ चा, न्यूयॉर्कचा, वाढल्या शिकागोत. पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून शिकागो विद्यापीठाच्या एका खास अभ्यासक्रमात दाखल झाल्या. पुढे वैद्यकीय शाखेला अर्ज केला तेव्हा गुणांचा प्रश्न नव्हता, जागांचा होता. ६५ विद्यार्थ्यांच्या वर्गात मुलींना ३ जागा, आणि त्या भरल्या होत्या. नऊ महिने थांबा, असं उत्तर आलं. त्या थांबल्या. १९४८ साली डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी डोनाल्ड रॉली या वर्गमित्राशी लग्न केलं. पुढची बारा-तेरा वर्षं मुलं आणि आठवड्यातले काही दिवस दवाखाना असं चाललं. दवाखाना होता मतिमंद मुलांचा. त्यातली बरीच मुलं डाउन सिंड्रोमची.

हा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण सगळ्या कारकिर्दीची दिशा त्यातून ठरली. माणसाच्या पेशीत नेमकी किती गुणसूत्रं असतात याचा आकडासुद्धा तोवर पक्का नव्हता. कित्येक वर्षं ४८ शिकवलं जात होतं. १९५६ साली स्वीडनमध्ये जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी नीट मोजली आणि ती ४६ निघाली. १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डाउन सिंड्रोमच्या मुलांत एक छोटं गुणसूत्र जास्तीचं असतं. ज्या मुलांना रॉलीबाई तपासत होत्या त्यांच्या आजाराचं मूळ आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकत होतं. १९६१ साली नवऱ्याला ऑक्सफर्डला वर्षभराची अभ्यासरजा मिळाली. तिथे बाई नुसत्या घर सांभाळत बसल्या नाहीत. गुणसूत्रांच्या प्रती कशा आणि कधी तयार होतात हे तपासण्याचं तंत्र शिकून आल्या.

परतल्यावर त्यांनी शिकागो विद्यापीठातले रक्तविकारतज्ज्ञ लिऑन जेकबसन यांच्याकडे काम मागितलं. मागणी साधी होती: एक सूक्ष्मदर्शक, एक डार्करूम, अर्धवेळ काम, आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईला देता येईल इतका तरी पगार. जेकबसन हो म्हणाले. प्रयोगशाळेत त्यांच्याकडे बोन मॅरोचे काही नमुने पडून होते, त्यांतली गुणसूत्रं विचित्र दिसत होती. ती बघा, म्हणाले. कर्करोगाशी रॉलीबाईंची गाठ पडली ती अशी. ठरवून नव्हे.

आता काम काय होतं ते जरा जवळून बघू. रुग्णाच्या कमरेच्या किंवा छातीच्या हाडातून सुईने मज्जा काढायची. त्यातल्या पेशी विभागत असतात. गुणसूत्रं एरवी धाग्याच्या गुंत्यासारखी पसरलेली असतात. पेशी दुभंगायच्या ऐन क्षणीच ती आखडून काड्यांसारखी सुटी दिसतात. म्हणून पेशीला नेमकं त्या क्षणी थांबवायचं. त्यासाठी कोल्चिसिन वापरतात. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी असते ना, तिच्या कंदातलं विष तेच. मग पेशींना पातळ द्रावणात ठेवून फुगवायचं, अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्लाने त्यांना आहे तशा पक्क्या करायचं, आणि थेंब काचेवर सोडायचा. फुगलेली पेशी काचेवर पसरते आणि आतल्या काड्या विखुरतात. रंग द्यायचा, फोटो काढायचा, डार्करूममध्ये मोठा करून छापायचा. आणि मग कात्री. प्रत्येक गुणसूत्र कापायचं, त्याची जोडी शोधायची, आणि मोठ्यापासून लहानापर्यंत कागदावर ओळीने चिकटवायचं. एका पेशीची ४६ कात्रणं. अशा कितीतरी पेशी, कितीतरी रुग्णांच्या.

हे काम घरी आणता येतं. त्यामुळे ते घरी आलं. जेवण आटोपलं की टेबलावर फोटो पसरायचे. मुलांना सक्त ताकीद असे, इथे शिंकायचं नाही. एक शिंक आली की तासाभराची मेहनत जमिनीवर. मुलं आईला चिडवत, तुला कागदाच्या बाहुल्या कापण्याचा पगार मिळतो म्हणून. चित्र गोड आहेच. पण ज्या संस्थेत पूर्ण वेळ, पूर्ण पगार आणि स्वतःचं टेबल यासाठी बाईने चार मुलांना बाजूला ठेवणं अपेक्षित होतं, तिथल्या सोयीचा हा आडवळणाचा मार्ग होता, हेही खरं. माझं मत विचाराल तर या अर्धवेळेचा एक फायदा मात्र झाला. कोणाला वर्षाकाठी चार निबंध दाखवायचे नव्हते, त्यामुळे घाई नव्हती. आणि हे काम घाईचं नव्हतंच.

त्याआधीची एक गाठ सांगायला हवी. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड हे दोघं क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएमएलच्या, पेशी बघत होते. हा पांढऱ्या पेशींचा संथ चढणारा कर्करोग. सुरुवातीला थकवा, वजन उतरणं, पाणथरी वाढून डाव्या कुशीत जडपणा. काही वर्षं अशीच जातात आणि मग एके दिवशी तो अंगावर धावून येतो. नोवेल यांनी काचा नळाच्या पाण्याने धुतल्या. ठरवून नाही, सवयीने. पातळ पाण्याने पेशी फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी दिसू लागली. हंगरफर्ड यांच्या नजरेला ती पडली. सात रुग्ण तपासले, सातही जणांत एक छोटं गुणसूत्र आणखीच छोटं, खुरटलेलं. शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. कर्करोगाशी कायमचं जोडलेलं ते पहिलं गुणसूत्र. पन्नासेक वर्षांपूर्वी, १९१४ साली, जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी कर्करोगाचं मूळ गुणसूत्रांच्या बिघाडात असावं असं लिहून ठेवलं होतं. त्याला पहिला ठोस पुरावा मिळाला.

पण तो तुकडा गेला कुठे? सगळ्यांनी गृहीत धरलं की हरवला. आणि ते खुरटलेलं गुणसूत्र नक्की कितवं, हेही कोणाला सांगता येईना. त्या काळच्या रंगाने गुणसूत्रं सलग गडद दिसत. २१ आणि २२ तर एकमेकांची नक्कल. डाउनच्या मुलांना ल्युकेमिया जास्त होतो हे माहीत होतं, म्हणून बऱ्याच जणांना वाटलं की डाउनमध्ये जे जास्तीचं आहे तेच इथे कमी पडलंय. पटण्यासारखं होतं, पण चूक होतं. (जाता जाता: गुणसूत्रांना आकाराच्या उतरत्या क्रमाने नंबर दिले, तरी सगळ्यात लहान २२ नाही, २१ आहे. चूक कळली तोवर डाउन सिंड्रोमशी २१ चं नाव इतकं जोडलं गेलं होतं की ते कोणी बदललं नाही.)

१९७० च्या सुमाराला स्टॉकहोममधल्या टॉरबियॉर्न कॅस्पर्सन आणि लोरे झेख यांनी क्विनाक्रीनच्या जातीचा रंग वापरून पाहिला. क्विनाक्रीन हे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मलेरियासाठी दिलं जाणारं पिवळंजर्द औषध. अतिनील प्रकाशात या रंगाने गुणसूत्रावर उजळ आणि मंद पट्टे उमटले, आणि प्रत्येक गुणसूत्राची नक्षी वेगळी निघाली. पाठोपाठ गिम्सा रंगाने असेच पट्टे उमटवण्याची युक्ती सापडली. गिम्सा म्हणजे मलेरियाचा जंतू बघायला रक्ताच्या काचेवर घालतात तोच. मलेरियाच्या कपाटातली दोन रसायनं कर्करोगाच्या कामी आली. आता बाविसावं आणि एकविसावं ओळखता येऊ लागलं. डाउनमध्ये जास्तीचं असतं ते २१. फिलाडेल्फियावालं खुरटलेलं ते २२.

रॉली कुटुंब १९७० साली पुन्हा ऑक्सफर्डला गेलं. बाई पट्टे उमटवायला शिकून आल्या आणि शिकागोत त्यांनी नव्या पेशींबरोबर साठवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांनाही नवा रंग चढवला. पहिलं काही दिसलं ते १९७२ साली, दुसऱ्याच प्रकारच्या ल्युकेमियात. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या एका रुग्णात आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्राने तुकडे बदलले होते. निबंध एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने परत पाठवला. तो शेवटी फ्रान्समधल्या छोट्याशा नियतकालिकात छापून आला.

मग सीएमएल. टेबलावर कात्रणं लावताना त्यांच्या लक्षात आलं की बाविसावं खुरटलेलं आहेच, पण नवव्याच्या जोडीतलं एक जरा लांब आहे. टोकाला फिकट पट्ट्याची शेपटी. आधी वाटलं, रोग बळावल्यावर जी पडझड होते त्यातलंच हे. म्हणून त्याच रुग्णांचे रोगाच्या सुरुवातीचे नमुने काढले. तिथेही लांब. मग रोग न लागलेल्या पेशी बघितल्या. तिथे नववं बरोब्बर आपल्या मापाचं. म्हणजे ही जन्मापासूनची खूण नव्हती, रोगासोबत आलेली होती. आणि नवव्याला चिकटलेली शेपटी साधारण तेवढीच, जेवढा तुकडा बाविसाव्यातून गेला होता.

तुकडा हरवला नव्हता. शेजारी जाऊन बसला होता. बारा-तेरा वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी बाविसाव्यावर डोळे लावले होते. नवव्याकडे बघायचं कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी जुन्या रंगात ती शेपटी ओळखू आली नसती. हा निबंध १९७३ च्या जून महिन्यात ‘नेचर’मध्ये आला. लेखक एकच: जे. डी. रॉली. आजच्या विज्ञानात, जिथे एका निबंधाखाली वीस-पंचवीस नावं असतात, हे दृश्य जवळजवळ संपलं आहे.

त्या वेळी टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. कर्करोगाच्या पेशीतली गुणसूत्रं मोडलेली-तुटलेली असतात, तो रोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे, असं बहुतेकांचं मत. घर जळल्यावर राखेत कौलाचे तुकडे सापडणारच, त्यात विशेष काय! रॉलीबाईंचं म्हणणं वेगळं होतं. कौलाचे तेच दोन तुकडे, त्याच जागी तुटलेले, प्रत्येक जळक्या घरात सापडत असतील तर तो अपघात नाही. पुढची काही वर्षं त्या हे पटवत फिरल्या. १९७७ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आणखी एक जोडी दाखवली: प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५ आणि १७. हा ल्युकेमिया अंगात रक्तस्राव घडवून दिवसांत माणूस नेणारा. पुढे निघालं काय, तर शांघायच्या वांग झेन-यी यांनी जीवनसत्त्व अ च्या एका रूपाने याच रुग्णांना बरं करायला सुरुवात केली होती, आणि हार्बिनमधले डॉक्टर झांग तिंगदोंग सोमल वापरत होते. होय, आपल्या जुन्या गोष्टींतला विषप्रयोगाचा सोमल. १९९० च्या सुमाराला कळलं की सतराव्या गुणसूत्रावर जिथे तुटतं तिथे नेमकं जीवनसत्त्व अ चा निरोप झेलणाऱ्या प्रथिनाचं जनुक आहे. औषध आधी लागू पडलं, कारण मागून सापडलं. ही दोन औषधं मिळून आज हा ल्युकेमिया बहुतेकांत पूर्ण बरा होतो.

सीएमएलमध्ये उलटा क्रम झाला. आधी कारण, मग औषध. मधली साखळी बरीच लांब आहे आणि तिच्यात माणसं पुष्कळ. हर्बर्ट एबलसन यांनी १९७० साली उंदरांत ल्युकेमिया करणारा एक विषाणू शोधला. त्याच्यातल्या जनुकाला त्यांच्या नावावरून एबीएल म्हणतात. तेच जनुक माणसातही असतं, नवव्या गुणसूत्रावर, टोकाजवळ. १९८२ साली रॉटरडॅमच्या गटाने दाखवलं की सीएमएलमध्ये ते उठून बाविसाव्यावर जातं. तिथे ज्या जागी जाऊन चिकटतं तिला बीसीआर म्हणतात. दोन जनुकं मधोमध जोडली जाऊन एक तिसरंच तयार होतं: बीसीआर-एबीएल. निसर्गात एरवी नसलेलं, आणि त्याच्या हुकमाने बनणारं प्रथिनही एरवी नसलेलं.

एबीएलचं प्रथिन काय करतं? ते दुसऱ्या प्रथिनांतल्या टायरोसीन या घटकावर फॉस्फेटची एक टिकली चिकटवतं. टिकली म्हणजे हुकूम: वाढ, विभाग. टायरोसीनवर टिकली लागते हेच मुळात १९७९ साली कॅलिफोर्नियात टोनी हंटर यांच्या लक्षात आलं, तेही आळसामुळे. ताजं द्रावण बनवायचा कंटाळा केला, जुनंच वापरलं. जुन्याची आम्लता थोडी बदललेली होती आणि त्यामुळे एरवी एकत्र दिसणारे दोन ठिपके वेगळे पडले. नळाचं पाणी काय, शिळं द्रावण काय, या कथेत निष्काळजीपणाला बरंच पुण्य लागलंय. पण ठिपका वेगळा पडला हे ज्याला दिसतं त्याच्याच बाबतीत.

निरोगी पेशीत एबीएलला लगाम असतो. काम झालं की ते बंद पडतं. गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद व्हावी तसं. तुकडे जुळताना त्या लगामाचाच भाग तुटून जातो आणि त्या जागी बीसीआर बसतं. बंद करायचं बटनच गेलं. मोटर चालू, टाकी वाहतेय, जिन्यातून पाणी. हे एकच प्रथिन पुरेसं आहे का? १९९० साली जॉर्ज डेली आणि डेव्हिड बाल्टिमोर यांच्या गटाने ते जनुक उंदराच्या मज्जेत घातलं आणि उंदरांना सीएमएलसारखाच रोग झाला. राखेतल्या कौलांचा वाद तिथे संपला.

मग प्रश्न उरला मोटर थांबवायचा. या प्रथिनाला टिकली चिकटवायला एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूमधून फॉस्फेट घ्यावा लागतो आणि एटीपी बसायला त्याच्यात एक खोबण असते. त्या खोबणीत दुसरं काही नेमकं बसवलं तर? अडचण अशी की पेशीत अशी खोबण असलेली प्रथिनं शेकड्यांनी असतात. सगळी बंद केली तर माणूसच बंद पडेल. बाझलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमन आणि त्यांचे सहकारी अशा रेणूंवर काम करत होते, आणि ओरेगॉनमधले डॉक्टर ब्रायन ड्रकर सीएमएलसाठी असा रेणू मागत होते. त्यातला एक जमला. १९९६ साली त्याने काचेच्या भांड्यातल्या सीएमएलच्या पेशी मारल्या आणि निरोगी पेशी सोडल्या. त्याच वर्षी कंपनीचं दुसरीशी विलीनीकरण होऊन नोव्हार्टिस झाली. सीएमएलचे रुग्ण थोडे, मग इतका खर्च कशाला, अशी कुरकुर होती. ड्रकर यांनी पाठपुरावा सोडला नाही. जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाने गोळी घेतली. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेतलेल्या ५४ पैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. कर्करोगाच्या औषधाच्या पहिल्या चाचणीत असे आकडे येत नाहीत. त्या चाचण्यांत साधारणपणे औषध किती झेपतं एवढंच बघतात. मे २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. नाव इमॅटिनिब, बाजारात ग्लिव्हेक. आधी निदानानंतर चार-पाच वर्षं हाती असत. गोळी आल्यावर मात्र पहिल्या मोठ्या चाचणीतले ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण दहा वर्षांनंतरही जिवंत होते.

इथे कथा मुंबईत येते. आपल्याकडे मोठ्या माणसांना होणाऱ्या ल्युकेमियात सीएमएल बराच आढळतो, आणि पश्चिमेत तो साठीच्या आसपास गाठतो तर इथे पस्तिशी-चाळिशीत, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसाला. गोळी तेव्हा आयुष्यभर घ्यायची असे. कंपनीच्या गोळीचा खर्च त्या काळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, आणि भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. नोव्हार्टिसने रेणूच्या एका विशिष्ट स्फटिकरूपाचं पेटंट चेन्नईत मागितलं होतं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला हरकत घेतली. २००६ साली अर्ज फेटाळला गेला, मग मद्रास उच्च न्यायालय, मग अपील मंडळ, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय. मुद्दा पेटंट कायद्यातल्या कलम ३(ड) चा: जुन्याच पदार्थाचं नवं रूप आणलं, तर ते रोगावर जास्त गुणकारी ठरलं पाहिजे. नवं स्फटिकरूप शरीरात जास्त प्रमाणात शोषलं जातं, असं कंपनीचं म्हणणं. एवढ्याने गुण वाढला असं सिद्ध होत नाही, असं न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी १ एप्रिल २०१३ रोजी ठरवलं. कंपनी बऱ्याच रुग्णांना ही गोळी फुकट देत होती हे नमूद करायला हवं. तरी फुकट मिळणं आणि परवडणं यांत फरक आहे. दुसऱ्यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

रॉलीबाईंनी हे सगळं बघितलं. १९९८ साली त्यांना नोवेल आणि आल्फ्रेड नड्सन यांच्यासह लास्कर पुरस्कार मिळाला, २००९ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, २०१२ साली ड्रकर आणि लायडन यांच्याबरोबर जपान पुरस्कार. नोबेल नाही. ऐंशी उलटल्यावरही त्या विद्यापीठात सायकलने जात. १७ डिसेंबर २०१३ रोजी त्या गेल्या. कारण अंडाशयाचा कर्करोग.

तो योगायोग कडवट आहे, आणि त्यात विज्ञानाची एक खरी अडचण दिसते. सीएमएलमध्ये एकच बिघाड सगळा रोग चालवतो. अंडाशय, फुप्फुस, स्वादुपिंड यांच्या कर्करोगांत बिघाड अनेक, एकमेकांत गुंतलेले, आणि एकाच गाठीच्या दोन टोकांना वेगळे. २००१ साली ग्लिव्हेकची गोळी नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकली तेव्हा वाटलं होतं की आता एकेका कर्करोगाची एकेक खोबण शोधायची आणि बुजवायची. काही ठिकाणी ते जमलं. बऱ्याच ठिकाणी काही महिन्यांत रोग दुसऱ्या वाटेने परत आला. सीएमएलमध्येही काही रुग्णांत ती खोबणच बदलते आणि गोळी बसेनाशी होते. त्यांच्यासाठी पुढच्या पिढीच्या गोळ्या आल्या आहेत.

कात्री आणि डिंक आता गेले. गुणसूत्रं संगणकाच्या पडद्यावर जुळवली जातात, आणि रक्तातल्या बीसीआर-एबीएलची मोजदाद अशी होते की लाखभर पेशींत एखादी लपली असली तरी कळावी. त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला. वर्षानुवर्षं गोळी घेऊन ज्यांच्या रक्तात ती खूण मुळीच सापडत नाही, त्यांनी गोळी बंद केली तर? फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १०० रुग्णांत हे करून पाहिलं आणि २०१० मध्ये निकाल छापले. साधारण ४० टक्के लोकांत वर्षभरानंतरही रोग परतला नव्हता. बाकीच्यांत तो परतला, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा आवरला. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवलेल्या माणसाला सुरुवातीला दर महिन्याला रक्त द्यायला यावं लागतं. गोळी बंद असते, फाइल बंद होत नाही.